अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपला हात लावावा का?

रात्रपाळी: आमच्या जुन्या जावास्क्रिप्ट कोडमध्ये कुणीतरी अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपवर (सगळे अ‍ॅरे, म्हणजे याद्या, ज्यातून मेथडी घेतात त्या सामायिक साच्यावर) शेवटचा घटक देणारं 'लास्ट' नावाचं फंक्शन सरळ डकवून ठेवलंय. परवा पाच गावांच्या यादीत सहावी ओळ उगवली आणि तिच्यात त्या फंक्शनचा अख्खा कोड! दुसऱ्या कुणीतरी अ‍ॅरेवर फॉर-इन लूप फिरवला होता, आणि तो प्रोटोटाइपवर अशी सरळ डकवलेली नावंही फिरतो. अर्धा दिवस त्यात गेला. माझं मत: भाषेच्या मूळ प्रोटोटाइपना हात लावायचाच नाही.

कंसातला_कंस: चूक फॉर-इनवाल्याची आहे, तुम्ही फासावर चढवताय भलत्यालाच. २००९ च्या ईएस५ (जावास्क्रिप्टच्या मानकाची पाचवी आवृत्ती) पासून डिफाइनप्रॉपर्टी हे फंक्शन आहे. तिने जोडलेलं नाव फॉर-इनला दिसतच नाही. आणि 'यादी.लास्ट()' वाचायला किती सुटसुटीत!

जुनी_खोड: दिसत नाही म्हणूनच तर २०१८ मध्ये मूटूल्स या जुन्या लायब्ररीशी घोळ झाला. मूटूल्स अ‍ॅरेवर स्वतःचं 'फ्लॅटन' (आतले अ‍ॅरे उलगडून एक सपाट यादी करणारी मेथड) बसवायचं आणि मग फॉर-इनने अ‍ॅरेच्या मेथडी आपल्या एलिमेंट्सवर (पानावरच्या घटकांच्या संचावर) उतरवायचं. फायरफॉक्सच्या नाइटली (रोजच्या चाचणी) आवृत्तीत मूळचं 'फ्लॅटन' आलं, फॉर-इनला न दिसणारं. त्यावर मूटूल्सने आपलं लिहिलं तरी ते न दिसणारंच राहिलं, म्हणून पुढे उतरलंच नाही. जुन्या साइट मोडल्या. शेवटी भाषेनेच माघार घेतली, नाव 'फ्लॅट' झालं. (मधे गंमत म्हणून 'स्मूश' नाव सुचवलं होतं, त्यावरही लोक भांडले.) 'कंटेन्स'चं 'इन्क्लूड्स' झालं तेही मूटूल्सपायीच.

कंसातला_कंस: पण फंक्शनचं 'बाइंड' आधी प्रोटोटाइप.जेएस या लायब्ररीने आणलं, भाषेने ते मागाहून घेतलं. सगळे सोवळ्यात बसले असते तर?

जुनी_खोड: त्याच लायब्ररीने अ‍ॅरेला 'टूजेसन'ही चिकटवलं होतं. ब्राउझरमध्ये स्वतःचं जेसन.स्ट्रिंगिफाय (माहितीचा पाठवण्याजोगा मजकूर करणारं फंक्शन, जे आधी 'टूजेसन' वापरतं) आल्यावर अ‍ॅरेच्या जागी अवतरणात बांधलेली स्ट्रिंग जायला लागली. सर्व्हरवाले बिचारे चक्रावले.

कंसातला_कंस: बरं, मग पॉलिफिलही (जुन्या ब्राउझरला नवी मेथड पुरवणारे कोड) बंद करायचे का?

रात्रपाळी: ते चालतील. नाव आणि वागणूक ठरलेल्या मानकाबरहुकूम हवी, आणि आधी ते आहे का बघून मगच घालायचं. आपल्या मनची नावं नकोत. एरवी साधं फंक्शन लिहून अ‍ॅरे त्याच्या हातात द्यावा.

कंसातला_कंस: तुमच्या 'लास्ट'ला तर २०२२ पासून 'अ‍ॅट(-१)' आहेच म्हणा.

रात्रपाळी: हो, तेच घालतोय. ४३ ठिकाणं निघाली. एका ठिकाणी 'लास्ट' उलट्या यादीवर चालवून पहिला घटक काढलाय.