मदत हवी आहे: छाती 'भरलेली' वाटणं म्हणजे चिनी वैद्यकात नेमकं काय?

मी सिंगापूरला असते. दोन महिने छाती भरल्यासारखी वाटतेय. दुखत नाही, पण ब्लाउजचा हुक एक घर आत लावल्यासारखं. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट सगळं व्यवस्थित आलंय, तेव्हा 'आधी हार्टचं बघ' प्लीज सांगू नका.

ऑफिसातल्या मैत्रिणीने चिनी वैद्यांकडे नेलं. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी, मग जीभ, मग बरगड्यांखाली दाबून "दुखतं का?" आणि एकदम, "मन की मान?" मला क्षणभर वाटलं, मराठीच बोलतायत! मैत्रीण दोन्हीला इंग्रजीत 'फुल'च म्हणते. शेवटी निदान काय, तर लिव्हरचा 'ची', म्हणजे शरीरात वाहणारी प्राणशक्ती, अडकलाय. अहो, माझे लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. कुणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद

'मन' म्हणजे कोंदणं. दाराच्या चौकटीत हृदय, असं ते अक्षर आहे. 'मान' म्हणजे भरणं. जुन्या ग्रंथांत भरण्याचं अक्षरही काही ठिकाणी 'कोंदणं' असं वाचतात, त्यामुळे घोळ तुमच्या एकटीचा नाही.

दाबून बघण्याचं मूळ इ.स. 200च्या सुमाराच्या वैद्य चांग चुंगचिंग यांच्या 'शांगहान लुन' या वैद्यकग्रंथात सापडेल. छातीच्या खालची खळगी भरलेली, कडक आणि दुखरी असेल तर ते 'च्येश्योंग'. भरलेली पण न दुखणारी, तर 'फी'. 'फी' असेल तिथे छायहू नावाची औषधी मुळी द्यायची नाही, असं बजावलंय. छाती आणि बरगड्यांची बाजू भरली असेल, तर मात्र हीच मुळी मुख्य! म्हणजे भरलंय कुठे, यावर काढा बदलतो.

त्यांचं लिव्हर म्हणजे नुसता अवयव नव्हे. 'ची' खेळता ठेवणं हे त्याचं काम, आणि त्याची वाहिनी बरगड्यांतून जाते. राग गिळून कुढत बसलं की तिथे तुंबतं, असं ते मानतात. उसासा टाकल्यावर मोकळं वाटतं का?

काढ्यात बऱ्याचदा ज्येष्ठमधाच्या जातीचं मूळ असतं, त्याने बीपी वाढू शकतं. आणि दुखणं सुरू झालं, हातात किंवा पाठीत गेलं, तर रिपोर्ट विसरून सरळ कॅज्युअल्टीत.

धागाकर्ती

उसाशाने वाटतं खरं मोकळं. पण बीपीची गोळी चालू आहे आणि हे मी त्यांना सांगितलंच नाही! उद्या काढ्याची पुडी आणि गोळ्यांची स्ट्रिप, दोन्ही घेऊन जाते.