फोर्कला फाटा म्हणावं का?

सातरस्ता
इथल्या कॉलेजातल्या पोरांसाठी लिनक्सची मराठी पुस्तिका लिहितोय. त्यात ‘फोर्क’ला, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमच्या कोडची प्रत घेऊन त्यावर वेगळं काम सुरू करण्याला, मराठी शब्द हवाय. ‘२०१० साली ओपनऑफिसला फाटा फुटला आणि लिब्रेऑफिस निघालं’ असं लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी लाल रेघ मारली, ‘फाटा देणे म्हणजे टाळणे’. अहो, मी ‘फुटला’ लिहिलंय, ‘दिला’ नाही! मोहोळला पंढरपूरचा फाटा लागतो, म्हणून पुण्याचा रस्ता कुणी टाळला का? चालेल ना हा शब्द?

नवीपेठ
‘वेगळी चूल’ म्हणा. ओपनऑफिस ज्या ओरॅकल कंपनीकडे गेलं, तिच्या कारभारावर भरवसा उरला नाही, मंडळी बाहेर पडली. मायएसक्यूएल या डेटाबेसमधून मारियाडीबी निघालं तेही असंच. घराघरात कळेल.

सातरस्ता
चुलीत भाऊबंदकी आली. परवा आमच्या एका विद्यार्थिनीनं एका प्रकल्पातलं चुकलेलं मराठी सुधारलं. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर फोर्क केलं, दोन ओळी बदलल्या, मूळ मंडळींकडे परत पाठवल्या. त्यांनी घेतल्याही. तिनं कुठं चूल मांडली?

गड्डा
मग फांदी?

सातरस्ता
फांदी ब्रँचसाठी, म्हणजे मूळ प्रकल्पाच्या आतच चालणाऱ्या वेगळ्या कामासाठी, ठेवलीय. ती त्याच झाडावर असते.

पूर्वभाग
फोर्कच ठेवा. हा शब्द सोलापुरात कॉम्प्युटरच्या आधीपासून आहे. आमचे अण्णा यंत्रमागावर होते. मागाच्या कडेला बारीक तारांचा एक फोर्क असतो. आडवा धागा नेणारा धोटा आला की तो धागा त्या तारांना रेटतो, फोर्कचं शेपूट उचललं जातं, माग चालत राहतो. धागा तुटला की शेपूट खाली राहतं, हातोडीत अडकतं आणि माग खटकन बंद. अण्णा शेडच्या दुसऱ्या टोकाला असले तरी त्या खटक्यानं वळायचे. घरी तेलुगू, शेडमध्ये मराठी, पण फोर्क दोन्हीकडे फोर्कच.

नवीपेठ
म्हणजे इंग्रजी येईल तसं घ्यायचं? मग धोट्याला शटल का नाही म्हणत?

पूर्वभाग
धोटा हातमागापासून आपलाच होता. फोर्क यंत्राबरोबर आला, तो नाव घेऊनच आला. ज्याच्या हाताखाली वस्तू असते, त्यानं दिलेलं नाव खरं.

गड्डा
धोट्यावरून आठवलं. आजी धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायची. कांडी आणि उसाचं कांडं एकाच घरचे शब्द असणार.

नवीपेठ
शंभर टक्के. खडूची कांडी, उदाची कांडी, सगळी त्याच कांडाची पोरं.

सातरस्ता
मंडळी, पुस्तिका सोमवारी छापायला जातेय. फाटा ठेवू का?

पूर्वभाग
उसाचं ते पेर हो, कांडं नव्हे. आमच्याकडे तरी पेरच म्हणतात.

गड्डा
मंगळवेढ्याकडे कांडंच म्हणतात. मामाचा ऊस आहे तिथं.