आगोटीची बेगमी यंदा मॉलच्या स्वतःच्या ब्रँडची भरली. काय घ्यावं, काय नको?

वाशिष्ठीकाठ:
आमच्याकडे आगोटीचं, म्हणजे पावसाळ्यासाठीचं, सामान मे महिन्यातच भरून ठेवतात. सासूबाईंच्या काळापासून ते चिपळूणच्या बाजारपेठेतल्या एकाच दुकानातून येतं. यंदा मुलगा म्हणाला, मॉलमध्ये त्यांच्या स्वतःच्या नावाची पाकिटं स्वस्त असतात, एकदा तिथून भरून बघू. घरात सहा माणसं, सामान चार महिन्यांचं. आता ऑगस्ट संपत आलाय, बहुतेक पाकिटं फोडून झाली. काय अनुभव आला तो लिहिते, कारण पुढच्या मे महिन्यात हाच प्रश्न अनेकींना पडणार आहे.

तूरडाळ, साखर, साबुदाणा, पोहे, शेंगदाणे, रवा यांत मला खोट काढता आली नाही. डाळीत खडा नाही, तीन शिट्ट्यांत मोडते. आधी घ्यायचे त्या नावाजलेल्या पाकिटापेक्षा किलोमागे २२ रुपये कमी पडले. शेंगदाणे सगळे एका आकाराचे, त्यामुळे भाजताना निम्मे करपले नि निम्मे कच्चे असं झालं नाही. मॉलला आपल्या पाकिटाची जाहिरात करावी लागत नाही, मधे वितरक नाही, मांडायची जागा त्यांचीच. मग डाळ-साखर स्वस्त पडणारच, आणि तिची चव कोणाच्या नावावर अवलंबून नसते.

पण आमसुलं! २०० ग्रॅमचं पाकीट फोडलं तर सोलांवर पांढरी पूड. जुन्या साडीवर पसरून झटकली आणि पडलेलं मीठ काट्यावर ठेवलं, तर ३१ ग्रॅम. हे नुसतं सुटं मीठ, आत मुरलेलं वेगळंच. सोल दुमडलं तर कडकन मोडलं. चांगलं आमसूल दुमडतं, चिकटतं, बोटं जांभळी करतं. आमच्या सारात एरवी पाच सोलं पुरतात. ही दहा टाकली तरी पाणी फिक्कं गुलाबी नि चव आंबट कमी, खारट जास्त.

मालवणी मसाल्याचंही तेच. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे सगळ्यात जास्त असेल ते आधी. या मसाल्यात पहिले धने, मग मिरची, आणि तिसऱ्या नंबरला मीठ. लवंग, दालचिनी, बडीशेप, दगडफूल, नागकेशर सगळं 'मसाल्याचे पदार्थ' या दोन शब्दांत गुंडाळलेलं. मिठाला मसाल्याचा भाव मोजायचा का? कुळथाच्या पिठाला तर भाजल्याचा वासच नव्हता. पिठी केली, ती सासऱ्यांनी एक घास खाऊन बाजूला सारली.

माझं स्पष्ट मत आहे: मॉलच्या नावाची डाळ-साखर जरूर घ्या, पण आपल्या कोकणी चवीचा कुठलाही जिन्नस त्यांच्या नावाचा घेऊ नका. पैसेही जातात आणि चवही.

नाईट ड्युटी, कुडाळ:
ताई, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही.

मी दवाखान्यात नोकरी करते, भाड्याच्या खोलीत एकटी राहते. मला गावाहून मसाला पाठवणारं कोणी नाही. मे महिन्यात बेडगी नि संकेश्वरी मिरच्या आणून उन्हात घालायच्या, देठं काढायची, डंखावर नेऊन कांडून आणायच्या, हे आठ तासांची पाळी करून कोण करणार? मॉलचा मालवणी मसाला १०० ग्रॅम ४८ रुपयांना मिळतो. बचत गटाचा तेवढाच ९० ला. मी मॉलचा घेते. कांदा-खोबरं नीट काळपट होईपर्यंत भाजून वाटप केलं की त्यात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, तिखलं उत्तम होतं. आपल्या जेवणाची निम्मी चव वाटपात असते, सगळं ओझं मसाल्यावर टाकू नका.

आणि गावचं ते चांगलंच, हा समजही सोडायला हवा. गेल्या वर्षी एका प्रदर्शनातून हौसेने घरगुती मसाला आणला. पाकिटावर तारीख नाही, १४ आकडी परवाना क्रमांक नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. जुलैत झाकण उघडलं तर आत जाळी धरलेली. १८० रुपये गेले. तक्रार कुठे करू? मॉलच्या पाकिटाची निदान पावती असते, खराब निघालं तर मी बदलून आणते.

पेठेतला दुकानदार:
तुम्ही दोघी मसाल्यावर बोलताय. मला त्या २२ रुपयांवर बोलायचंय.

वाशिष्ठीकाठ ताई, तुम्ही पाकिटाची तुलना पाकिटाशी केलीत. माझ्या सुट्या डाळीशी केली असती तर फरक किती राहिला असता? १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर तो नाही.

दुसरं म्हणजे वजन. तेलाची पिशवी उचलून ग्रॅम वाचा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पिशवी दिसायला लिटरची आणि आत ८४० किंवा ८५० ग्रॅम, असं आता सर्रास दिसतं. पोहे ४५० ग्रॅम, रवा ९०० ग्रॅम. गिऱ्हाईक मोठ्या अक्षरातली किंमत बघतं. पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा किलोचा भावही छापलेला असतो, तो किती जण वाचतात?

आणि एक मनातलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या पेठेत शिरलं तेव्हा माझ्या दुकानातली साखर, पीठ, डाळ सगळं चिखलात गेलं. तरी पाणी ओसरल्यावर कोल्हापूरकडून माल आणून पहिल्या आठवड्यात घराघरांत उधारीवर दिला. कोणाकडे रोख नव्हती, मी विचारलीही नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे. मॉलच्या यंत्राला उधारीचं बटण नाही.

वाशिष्ठीकाठ:
भाऊ, त्या आठवड्यात आमच्या घरातही असंच सामान आलं होतं. ते विसरणं शक्य नाही.

तुमचं वाचून उठले आणि कपाट उघडलं. पोह्यांचं पाकीट खरंच ४५० ग्रॅमचं निघालं. मी अर्धा किलो धरून हिशेब केला होता. पोहे माझ्या स्वस्ताच्या यादीतून काढते. डाळीचं पाकीट मात्र पूर्ण किलोचं आहे.

पण सुट्या डाळीबद्दल मीही खरं बोलते. पेठेतल्या डाळीचा भरवसा दर महिन्याला बदलतो. एकदा छान शिजते, पुढच्या वेळी पाच शिट्ट्या देऊनही टणक. पावसाळ्यात पोत्याचं तोंड उघडं, हवा दमट, दोन वेळा किडे निघाले. सांगितलं तर उत्तर मिळालं, "निवडून घ्या वहिनी." सासूबाई निवडत बसायच्या. माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत. जुन्या ओळखीपोटी किडकी डाळ घ्यायची, हे मला पटत नाही.

परड्यातली काकी:
माका एक सांगा, सोलां विकत कित्याक घेतात? आमच्या परड्यात रतांब्याची, म्हंजे कोकमाची, दोन झाडां. मे म्हयन्यात रतांबे फोडूचे, बियो नि गर वेगळो करूचो, त्या रसात मीठ घालूचा, सालां भिजवून उन्हात घालूची. सुकली की परत रसात. असा पाच-सा वेळा. तेव्हा सोल मऊ रवता नि बोटाक रंग लागता. नुसता मीठ चोळून सुकयलेला ता सोल न्हय, चामडा.

नाईट ड्युटी, कुडाळ:
काकी, परडा असलेल्यांनी परडा नसलेल्यांना हे विचारू नये. माझ्या खोलीला खिडकी एक आहे, तीही पागोळीखाली.

कोकम युनिट, सावंतवाडीजवळ:
मी कोकम प्रक्रियेच्या छोट्या युनिटात काम करतो. इथे सगळे मॉलला दोष देताय किंवा त्याची बाजू घेताय. मला वाटतं दोष दराचा आहे.

काकींनी सांगितलं तसंच आम्ही करतो, फक्त जास्त प्रमाणावर. सालं एकदा रसात भिजवून सुकवली की एक पूट. प्रत्येक पुटाला रस लागतो, माणसं लागतात आणि एक-दोन दिवस कडक ऊन लागतं. मे महिन्याच्या शेवटी वळीव आला की ऊन संपलं. पाच पुटांचं आमसूल आणि एका पुटाचं आमसूल एकाच झाडाच्या फळापासून होतं, पण किलोमागे खर्चात मोठा फरक पडतो. मोठा खरेदीदार येतो तो आधी दर सांगतो, मग माल विचारतो. त्या दरात एक पूट नि भरपूर मीठच बसतं. मिठाने वजनही वाढतं आणि माल टिकतोही. तोच खरेदीदार चढा दर द्यायला तयार झाला तर आम्ही त्याच्याच नावाच्या पाकिटात पाच पुटांची सोलं भरून देऊ. 'सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम' या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाचा माल हवा असेल तर तसा दरही द्यायला हवा.

ताईंनी कोकम सरबत घेतलं असेल तर एक करून बघा. दोन चमचे सरबत अर्ध्या पेल्या पाण्यात घाला नि चिमूटभर खायचा सोडा टाका. कोकमाचा स्वतःचा रंग सोड्याने पालटतो, लाल जाऊन निळसर-हिरवट छटा येते. लाल तसाच ढिम्म राहिला तर वरून रंग घातल्याची दाट शंका घ्यावी. आणि घटकांत बघा, पहिली साखरच असते, पण कोकमाचा रस किती टक्के ते लिहिलंय का?

वाशिष्ठीकाठ:
सरबताची बाटली होती घरात. आत्ताच केलं. पेल्यातला रंग राखाडी-निळा झाला, मुलगा बघत राहिला. म्हणजे सरबतात कोकम आहे, हे मानते. त्याबद्दल मी वर काही वाईट लिहिलं नव्हतं, पण मनात संशय होता तो गेला.

दराचा मुद्दा मात्र अर्धाच पटला. मॉलमध्ये ती सोलं मला किलोला ४२० च्या हिशेबाने पडली. त्यातलं सुटं मीठ वजा करा, आणि एरवीपेक्षा दुप्पट सोलं लागली तेही धरा. माझ्या सारातल्या आंबटपणाचा खरा भाव किलोला हजाराच्या घरात जातो. पेठेत पाच पुटांची सोलं ६०० ला मिळतात. मग स्वस्त कुठलं?

नाईट ड्युटी, कुडाळ:
हा हिशेब मला मान्य आहे. आमसुलांवर मी तुमच्या बाजूने. मसाल्यावर नाही.

कलमांची बाग, देवगड:
आमरसाबद्दल कोणीच बोललं नाही. मॉलच्या नावाच्या डब्यावर पिवळाधमक आंबा काढलेला असतो आणि खाली फक्त 'आंब्याचा गर' असं असतं. जात लिहिलेली नसेल तर हापूस समजू नका. तोतापुरीचा गर पुष्कळ स्वस्त पडतो आणि बाजारातल्या आंब्याच्या पेयांत बहुतेक तोच असतो. हापूसला २०१८ मध्ये जे मानांकन मिळालं ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांपुरतं आहे. हापूस भरणारा माणूस ते नाव लपवून ठेवणार नाही, डब्यावर ठळक छापेल. तोतापुरी वाईट नसते, पण हापूसच्या भावात घेऊ नका.

पेठेतला दुकानदार:
ताई, किड्यांचं बोललात ते लागलं, पण खोटं नाही. यंदा तूर नि मूग झाकणाच्या पिंपात ठेवलीये. येऊन बघा. खराब निघाली तर परत घेईन, निवडायला सांगणार नाही.

वाशिष्ठीकाठ:
येते गौरी-गणपतीच्या सामानाला. सोलंही तुमच्याकडचीच घेईन.

मोदकाच्या पिठाचं राहिलं. मॉलचं पीठ मे महिन्यातच आणून ठेवलं होतं, परवा संकष्टीला फोडलं. उकड छान दिसली, पण मळताना चिरा पडायला लागल्या. तेलपाणी लावून मळलं तरी पारी काठाला फाटायची. २१ पैकी ८ मोदक वाफवताना फुटले, सारण चाळणीत. माझ्या हातचे मोदक असे कधी फुटत नाहीत. कोकणी जिन्नस मॉलचा नको, या मतावर मी अजून ठाम आहे.

नाईट ड्युटी, कुडाळ:
मी त्याच संकष्टीला त्याच नावाच्या पिठाचे ११ केले. उकडीत चमचाभर लोणी घातलं होतं. एकही फुटला नाही.

वाशिष्ठीकाठ:
लोणी मीही घातलं होतं. तुमच्या पाकिटावर पॅक केल्याची तारीख काय आहे? माझ्यावर मार्चची आहे.

नाईट ड्युटी, कुडाळ:
थांबा, डब्याखालून पाकीट काढते.
जुलै.