एमएसला भारतातून मुलं हवीत? आधी आय-२० वेळेवर द्या, एजंट नंतर

गिअरबॉक्स
कालच्या धाग्यात एका सदस्याने लिहिलंय की अमेरिकेतल्या मधल्या फळीतल्या सरकारी विद्यापीठांना इंजिनिअरिंगच्या एमएससाठी भारतातून मुलं हवी असतील, तर तीन गोष्टी पुरेत: पुण्या-मुंबईत एजंट नेमा, हॉटेलात मेळावा घ्या, अर्जाची फी माफ करा. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

या तिन्हींनी अर्ज वाढतात, वर्गात बसणारी मुलं नाही. एजंटला साधारण पहिल्या वर्षाच्या ट्यूशनच्या १० ते १५ टक्के मिळतात. अमेरिकी मुलांच्या भरतीसाठी असं डोईमागे कमिशन द्यायला तिथल्या केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे, परदेशात राहणाऱ्या परदेशी मुलांपुरती तेवढी सूट ठेवलीय. कमिशनसाठी एजंट ज्यांच्याशी करार झालाय तीच विद्यापीठं सुचवणार. रोबोटिक्स करायचंय त्याच्या गळ्यात इंजिनिअरिंग मॅनेजमेंट मारतात ते यामुळेच. आणि फी माफ केली की जो पाच ठिकाणी अर्ज करणार होता तो पंधरा ठिकाणी करतो. छाननीचं काम तिप्पट, येणारा मुलगा एकच.

खरं काम तारखांचं आहे. वर्ग ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात, तिथून उलट मोजा. ऑफर, पैशाचे कागद, आय-२० (विद्यापीठ देतं ते प्रमाणपत्र, ज्यावर विद्यार्थी व्हिसा मागता येतो), ३५० डॉलर सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), १८५ डॉलर व्हिसा फी, बायोमेट्रिक, मुलाखत. यात सगळ्यात जास्त अडतं ते पैशाच्या कागदांवर. कर्ज काढायचं असेल तर विद्यापीठ आय-२० साठी कर्जमंजुरीचं पत्र मागतं आणि बँक सहसा ऑफर लेटरशिवाय फाइल उघडत नाही. मोठ्या कर्जाला तारण लागलं की टायटल सर्च आणि व्हॅल्युएशन आलं, त्यात आठवडेच्या आठवडे जातात. शेतजमीन तर बहुतेक बँका तारण धरतच नाहीत. सातबारा घेऊन गेलेल्या बापाला एनए प्लॉट नाहीतर फ्लॅटचे कागद आणायला सांगतात. मार्चअखेर ऑफर पाठवली तर आय-२० मे उजाडल्यावरच येणार. २०२५ मध्ये मे अखेरीला अमेरिकी दूतावासांनी व्हिसा मुलाखतींच्या नव्या तारखा देणंच थांबवलं होतं, जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं. ज्यांच्याकडे आय-२० आधीच होता त्यांनी तारखा घेऊन ठेवल्या होत्या. बाकीचे अडकले.

सांगली_मेकॅनिकल
तारखांचं बरोबर. एजंटबद्दलचं अजिबात पटलेलं नाही.

नांदेडच्या, लातूरच्या ज्या घरातून आजवर कुणी परदेशी गेलेलं नाही, तिथे डीएस-१६० कोण भरून देणार? विद्यापीठाचा एक सामायिक ईमेल असतो, आठवड्याने उत्तर येतं, त्यात साडेदहा-साडेअकरा तासांचा फरक. पुण्या-मुंबईच्या मुलांना सीनियर असतात, व्हॉट्सॲप ग्रुप असतात. एजंट काढून टाका म्हणणं म्हणजे फक्त शहरातली मुलं घ्या म्हणणं. तुम्हाला ते चालत असेल, मला नाही.

दोष करारात आहे. कमिशन दुसऱ्या सेमिस्टरची नोंदणी झाल्यावरच द्या. सब-एजंटला पूर्ण बंदी करा. मुलाकडून वेगळे पैसे घेतले तर करार रद्द. अर्जातला ईमेल आणि फोन मुलाचाच हवा. हे शेवटचं तपासायला अगदी सोपं आहे: एकाच नंबरवरून वीस अर्ज आले की समजायचं.

एटीकेटी
तुम्ही दोघं एजंटवर भांडताय. निम्मी चांगली मुलं त्याच्याही आधी, विद्यापीठाच्या अर्ज-पोर्टलच्या कटऑफला गळतात.

दहातला सीजीपीए (सरासरी गुण) तिथल्या चारच्या मापात आणायला सरळ ०.४ ने गुणतात. ७.४ असेल तर २.९६, कटऑफ ३.०, अर्ज बाद. त्या मुलाचा विषय, कॉलेज, प्रोजेक्ट कुणी पाहिलंच नाही. त्यात मुंबईला ८० लेखी आणि २० अंतर्गत, पुण्याला सेमिस्टरच्या मध्ये ३० आणि शेवटी ७०. ८० पैकी ३२ ला पास होणाऱ्या पेपरात ६० मिळवणं म्हणजे काय, हे तिथल्या समितीला कोण सांगणार? मेळाव्याच्या खर्चात एक माणूस नेमा, ज्याला आपल्या मार्कशीट वाचता येतात.

थर्मोवाला
आणि केट्या (नापास झालेले विषय)? त्या मोजणारं बॅकलॉग सर्टिफिकेट मागितलं की लगेच अन्याय होतो? ज्याची हीट ट्रान्सफरला केटी आहे त्याला ॲडव्हान्स्ड हीट ट्रान्सफरला बसवून काय साधणार? पहिल्या सेमिस्टरला बी ग्रेड टिकली नाही की प्रोबेशन, नंतर एफ-१ वरच, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच, टांगती तलवार. लाखांचं कर्ज बापाच्या डोक्यावर. कटऑफ मुलाच्याही भल्याचा असतो.

एटीकेटी
मुलाच्या भल्याचं नाव पुढे करू नका! केट्यांची संख्या मोजून काय कळतं? पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंगला दोन केट्या आणि तिसऱ्या वर्षाला कंट्रोल्समध्ये वर्गात पहिला, असाही मुलगा असतो. विषय बघा, साल बघा. कॉलेजचंही तेच. पोर्टलच्या यादीत ‘युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ एवढीच नोंद, त्याखाली डझनावारी कॉलेजं एका ओळीत. वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये (इंजिनिअरिंग पदव्या परस्पर मानण्याचा आंतरराष्ट्रीय करार) भारत २०१४ पासून आहे, पण एनबीए या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या टियर-१ प्रोग्रॅमपुरताच. तेवढं तरी तपासा.

थर्मोवाला
विषयवार बघा हे मान्य. अर्जांचा ढीग पडलेला असताना ते कोण करणार, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

रात्रपाळी
कटऑफ कसले लावताय? एच-१बी ला (नोकरीचा व्हिसा) १ लाख डॉलर झालेत, आता येणारच कोण?

गिअरबॉक्स
हीच अर्धवट माहिती मेळाव्यात फिरते. सप्टेंबर २०२५ च्या आदेशातली ती रक्कम देशाबाहेर असलेल्यांच्या नव्या अर्जांना आहे. तिथेच राहून एफ-१ वरून स्टेटस बदलणाऱ्यांना ती लागू नाही, असं ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलंय. उद्या नियम बदलू शकतो, तेही मुलाला सांगा. पण घाबरवू नका.

त्याऐवजी प्रोग्रॅमचा सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) पानावर ठळक लिहा, कारण १२ महिन्यांच्या ओपीटीनंतर (शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी) २४ महिने वाढतात की नाही ते त्यावर ठरतं. वाढीसाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामगारांची पात्रता तपासणारी सरकारी यंत्रणा) लागते, आय-९८३ हा प्रशिक्षण आराखड्याचा फॉर्म भरावा लागतो. पूर्णवेळ सीपीटी (शिकत असतानाचं अभ्यासक्रमातलं काम) १२ महिने केली तर त्या पातळीची ओपीटीच जाते. हे ऑफरसोबत एका पानात द्यायला काय हरकत आहे?

सांगलीकर, दुसऱ्या सेमिस्टरनंतर कमिशन ही अट चांगली आहे, तेवढं घेतो. एजंटबद्दलचं मत तेच. थर्मोवाले, ढीग कमी करायचा असेल तर अर्जाची फी माफ करू नका आणि ऑफर दोन टप्प्यांत द्या: डिसेंबरपर्यंतच्या अर्जांना जानेवारीअखेर, बाकीच्यांना मार्चच्या सुरुवातीला. पहिल्या टप्प्यात मार्कशीट विषयवार वाचता येतील एवढेच अर्ज असतात.

एटीकेटी
चालेल. पण बॅकलॉग सर्टिफिकेटवर रिव्हॅल्युएशनमध्ये सुटलेला पेपर केटी म्हणून मोजू नका. रिव्हॅल्युएशनचा निकाल उशिरा लागतो, तोवर मुलाने पुढचा फॉर्म भरलेला असतो, आणि कागदावर दोन प्रयत्न दिसतात.

थर्मोवाला
ते कॉलेजने लिहून द्यायला हवं, परीक्षा विभागाच्या सही-शिक्क्याने. मुलाच्या एसओपीतलं (अर्जासोबतचं स्वतःचं निवेदन) स्पष्टीकरण समिती धरत नाही.