मदत हवी आहे : विडा व्हीएक्स२ (हिरोची इलेक्ट्रिक स्कूटर) आत्ता घ्यावी की पुढच्या मॉडेलसाठी थांबावं?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यातून चादरी-टॉवेलचे गठ्ठे नवी पेठेतल्या दुकानांत पोचवतो. अधूनमधून तुळजापूर, म्हणजे जाऊन-येऊन ९० किलोमीटर. घर तिसऱ्या मजल्यावर, पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट नाही आणि सोसायटी वायर ओढू देत नाही. त्यामुळे बॅटरी काढून वर नेता आलीच पाहिजे. पेट्रोल गाडी नको, हे पक्कं आहे.

व्हीएक्स२ चालवून पाहिली. २.२ युनिटवाल्या ‘गो’मध्ये एकच बॅटरी, कागदावर ९२ किलोमीटर. ‘प्लस’मध्ये ३.४ युनिट, १४२ किलोमीटर. पण बॅटऱ्या दोन, म्हणजे जिने चढताना दोन्ही हातांत ओझं. पायापाशी गठ्ठा उभा ठेवून पाहिला, हँडल वळवताना अडत नाही. शोरूमवाले ओझं लादल्यावरची रेंज सांगत नाहीत.

माझ्या मनातलं पुढचं मॉडेल असं : तेवढ्याच किमतीत उष्णता जास्त सोसणारी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आणि मागे पक्कं कॅरियर. असं काही येणार असेल तर दिवाळीपर्यंत थांबेन.

सोलापूरच्या मे महिन्यात, दुपारी, मागे ४०-५० किलो घेऊन ‘प्लस’ चालवणारं कुणी आहे का? एका चार्जमध्ये तुळजापूर जाऊन-येऊन होतं का? आणि उन्हातून आल्यावर बॅटरी किती वेळ निवू देता?