सीमरचा ओईई (यंत्राची एकूण परिणामकारकता) ६०.८ टक्के: लाईटचा वेळ धरायचा का? मदत हवी आहे

रत्नागिरी, हापूस पल्प, ८५० ग्रॅमचे डबे. सीमर म्हणजे डब्याला झाकण घट्ट बसवणारं यंत्र, त्याची क्षमता मिनिटाला २० डबे. शिफ्ट ४८० मिनिटं, जेवण-चहाची ३० वजा करून ४५०. बंद ९० मिनिटं, म्हणजे उपलब्धता ८० टक्के. ३६० मिनिटांत ७,२०० डबे व्हायला हवेत, झाले ५,७६०: वेग ८० टक्के. २८८ बाद, गुणवत्ता ९५ टक्के. तिन्हींचा गुणाकार म्हणजे ओईई.

बंद वेळेतली ४० मिनिटं लाईट गेल्याची. ती वगळली तर आकडा छान दिसतो, पण डबे वाढत नाहीत. मग धरावीत ना?

केटलमधून गरम पल्प यायची वाट बघत सीमर २०-३० सेकंद थांबतो, तेही सारखं. हे बंद वेळेत लिहायचं की वेगात? खरी अडचण केटलचीच असेल, तर मोजमाप तिथेच करावं का?

बाद डब्यांत बहुतेक ओव्हरलॅप (झाकणाची आणि डब्याची कड एकमेकींत अडकते ती लांबी) कमी. ही कड दाबणारे रोलर किती डब्यांनी तपासता?