आधी गाड्या मोजा

‘धुळ्यात पांझरा नदीकाठी बहुमजली पार्किंग झालं की आग्रा रोड मोकळा होईल’ हे पटत नाही. निळ्या पूररेषेच्या (नदीच्या पुराची नकाशावर आखलेली हद्द) आत पक्कं बांधकाम बसत नाही, ते सोडाच. पेठ अडते ती बऱ्याचदा दुकानदार अन् नोकरांच्याच दुचाक्यांनी. सकाळी शटर वर, गाडी स्टँडवर, ती हलते रात्रीच. बाजाराच्या दिवशी १० ते ८, दर तासाला नंबरपाटीचे शेवटचे चार आकडे टिपा. चार तासांवर ठाण मांडलेल्यांना नदीकाठच्या मोकळ्या मैदानाचा स्वस्त पास द्या. दुकानांसमोर पहिला अर्धा तास फुकट, मग चढता दर. शंभरात पंधरा जागा रिकाम्या राहतील इतकाच.

अन् पैसा? कॅलिफोर्नियातल्या पासादेनाच्या जुन्या पेठेत १९९३ पासून पार्किंग मीटरचं उत्पन्न तिथल्याच फुटपाथ-दिव्यांवर लागलं, म्हणून व्यापारी राजी झाले. आपल्याकडे ते महापालिकेच्या सामान्य निधीत गेलं, की व्यापारी पहिल्याच आठवड्यात पार्किंगचे आखलेले पट्टे पुसतील.